इमारत तपासणाऱ्याला कोण तपासणार? बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी मी जेईच्या, म्हणजे सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना सिव्हिल शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं साइटवर काढली आणि थोडी वर्षं एका नगरपालिकेच्या टेबलामागे. त्यामुळे प्रश्न तीन बाजूंनी येतात: नोकरी हवी असलेली पोरं विचारतात, घर बांधायला काढलेले विचारतात आणि ‘त्या इन्स्पेक्टरला काय कळतंय हो’ म्हणणारे गवंडीही विचारतात. दर वेळी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून टाकतोय. मतं माझी आहेत. नियम आणि आकडे मात्र पुस्तकातले आहेत.

‘बिल्डिंग इन्स्पेक्टर’ असं पद आपल्याकडे आहे तरी का?

लोकांच्या तोंडी आहे. प्रत्यक्षात दारात येतो तो टाउन प्लॅनिंग विभागाचा जेई किंवा एई, म्हणजे ज्युनिअर किंवा असिस्टंट इंजिनिअर. बेळगाव महापालिकेत तो १९७६ च्या महापालिका कायद्याखाली काम करतो. निपाणी, गोकाकची नगरसभा, चिकोडी, संकेश्वरची पुरसभा आणि खानापूरची पट्टण पंचायत इथे १९६४ चा नगरपालिका कायदा लागतो. कॅन्टोन्मेंटचं राज्य वेगळं. लेआउटचा प्रश्न असेल तर बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे जायचं.

कालपर्यंत पाण्याच्या लाइनी बघणारा जेई आज बदलीने टाउन प्लॅनिंगला येतो आणि उद्यापासून इमारती तपासतो. बदलीचा कागद हेच त्याचं पात्रतेचं प्रमाणपत्र. पुढचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

मग त्याची परीक्षा होत नाही का?

होते की. नोकरीत शिरण्याची होते. डिप्लोमावाले जेई, बीई झालेले एई, आणि बहुतेक भरती कर्नाटक लोकसेवा आयोगामार्फत, म्हणजे केपीएससीकडून. सामान्यज्ञान, तांत्रिक विषय, चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा. नोकरी लागल्यावर खात्याच्या परीक्षा असतात, त्यात हिशेब आणि सेवानियम जास्त. इमारत कशी तपासायची याची स्वतंत्र परीक्षा यात कुठेच येत नाही.

या परीक्षेत नेमकं चुकतंय काय?

माझ्या वर्गातलं सांगतो. दोन्ही टोकांना टेकलेल्या, लांबीभर सारखा भार असलेल्या बीमचा बेंडिंग मोमेंट विचारला की पोरं झोपेतही ‘डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ’ म्हणतात. मग मी विचारतो, स्लॅबचा गाळा ४.८ मीटरचा आहे, खालचे टेकू कधी काढायचे? वर्ग गप्प. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, हे सरळ लिहिलंय: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्यापेक्षा लांब गाळा असेल तर १४ दिवसांनी. बीम ६ मीटरपर्यंतचा असेल तर १४ दिवस, त्याहून लांब असेल तर २१. हे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत. आपल्याकडे दुकानातून येणाऱ्या गोणीवर बहुतेक वेळा ‘पीपीसी’, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, लिहिलेलं असतं. ते हळू ताकद धरतं, म्हणजे थांबायला आणखी हवं. सेंटरिंगवाल्याला मात्र फळ्या पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, तो पाचव्या दिवशीच येऊन उभा राहतो. त्याला ‘थांब’ म्हणायचं तर हा आकडा निरीक्षकाच्या ओठांवर हवा.

दुसरं उदाहरण रिंगचं. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. तिसऱ्या झोनपासून पुढे आयएस १३९२० लागू होतं, आणि ते सांगतं की कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगचं टोक १३५ अंशात आत वळवायचं. आपल्याकडच्या साइटवर जाऊन बघा. बारबेंडर काटकोनात वाकवून मोकळा होतो, कारण तसं पटापट होतं. धक्का बसला की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. ही चूक काँक्रीट पडण्याआधीचे एक-दोन दिवसच डोळ्यांना दिसते, नंतर कायमची झाकली जाते. परीक्षेत रिंगमधल्या अंतराचं गणित येतं. वाकवलेली रिंग हातात देऊन ‘यात काय चुकलंय?’ असं कोणी विचारत नाही.

थोडक्यात, आपण गणित येणारा माणूस निवडतो आणि त्याला नजरेच्या कामावर पाठवतो. गणित नको असं माझं म्हणणं नाही. ते पहिली पायरी आहे, आणि आपला जिना तिथेच संपतो.

एवढा आग्रह कशासाठी? आपल्याकडे कुठे इमारती पडतायत?

१९ मार्च २०१९ ला धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. १९ माणसं गेली. इथून गाडीने दीड-दोन तासांचं अंतर. आणि पडणाऱ्या सगळ्याच इमारती मोठ्या नसतात, त्याबद्दल पुढे ग्रामपंचायतीच्या प्रश्नात लिहिलंय.

तुम्ही स्वतः नोकरीला लागलात तेव्हा काय शिकवलं होतं?

काहीच नाही. म्हणून तर हा राग.

दुसऱ्याच महिन्यात मला एका दुमजली घराचा स्लॅब बघायला पाठवलं. ‘बघून ये’ एवढीच सूचना. मिस्त्री अनुभवी होता, हसून म्हणाला, ‘साहेब, आधी सळी बघणार की चहा घेणार?’ मी दोन्ही केलं. सळ्या मोजल्या, व्यास मोजला, नकाशाशी जुळलं, सही केली. पुढे आलेली बाल्कनी होती. बाल्कनीची मुख्य सळी वरच्या अंगाला असावी लागते, कारण तिथे ताण वर पडतो. ती बांधलीही वरच होती. पण काँक्रीट घालणारे दिवसभर तिच्यावरून चालले आणि ती दबून खाली बसली. खाली खुर्ची म्हणून आधाराची सळी आहे का, हे बघायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांत बाल्कनीच्या भिंतीकडच्या बाजूला आडवी चीर गेली. कोणाला इजा झाली नाही, मालकाने खालून विटांचे दोन खांब उभे केले. ते खांब अजून आहेत. त्या गल्लीतून जाताना मी वर बघत नाही.

डिप्लोमाला मला या विषयात चांगले मार्क होते.

मग परीक्षा कशी असावी?

माझ्या मते दोन भाग करावेत, आणि ही परीक्षा नोकरीच्या भरतीहून वेगळी असावी. टाउन प्लॅनिंगच्या टेबलावर बसण्याआधी ती पास झालीच पाहिजे.

पहिला भाग पुस्तक उघडं ठेवून. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे २०१६ ची एनबीसी, हे दोन जाडजूड खंड आहेत. ती पाठ करणं हा वेडेपणा आहे, पण कुठे काय आहे हे तीन मिनिटांत सापडलं पाहिजे. अमेरिकेत इंटरनॅशनल कोड कौन्सिलच्या इन्स्पेक्टर परीक्षा अशाच उघड्या पुस्तकाच्या असतात. छोट्या घरांसाठी एक, व्यापारी इमारतींसाठी दुसरी. आपल्याकडे उलटं आहे. पाठ केलेलं वर्षभरात विसरतं आणि पुस्तक उघडायची सवय कधी लागतच नाही. भारतीय मानक ब्युरोची मानकं आता त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, त्यामुळे महाग पुस्तकाचं कारणही उरलेलं नाही.

दुसरा भाग साइटवर. उमेदवाराला चालू बांधकामावर न्यायचं, हातात टेप आणि मंजूर नकाशा द्यायचा आणि एक तास सोडायचं. परीक्षकांनी आधीच बघून ठेवलेल्या चुकांपैकी त्याला किती सापडतात? सापडलेल्यांपैकी कोणत्या चुकीसाठी काम थांबवायचं आणि कोणती दुरुस्त करून पुढे जायचं, हे त्याला सांगता येतं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. सगळ्यालाच ‘थांबवा’ म्हणणारा आणि सगळ्यालाच ‘चालू द्या’ म्हणणारा, दोघेही नापास.

इंग्लंडमध्ये म्हणे इन्स्पेक्टरांची नोंदणी सक्तीची केली. आपण तसंच करावं का?

१४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं मेली. त्यातून २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी कायदा आला. एप्रिल २०२४ पासून तिथे नोंदणीकृत निरीक्षकच हे काम करू शकतो आणि त्याचे चार वर्ग आहेत. पहिल्या वर्गातला शिकाऊ, तो देखरेखीखालीच काम करणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात कोणत्या प्रकारच्या इमारती बघायची मुभा आहे ते ठरलेलं. चौथा वर्ग तांत्रिक व्यवस्थापकांचा.

मला यातलं वर्गांचं पटतं. शहापुरातलं दोन खोल्यांचं घर आणि सात मजली अपार्टमेंट एकाच जेईने एकाच दुपारी बघायचं, हे आपल्याकडे राजरोस चालतं. तसंच्या तसं उचलायला मात्र नको. तिथेही मुदत जवळ आली तेव्हा मूल्यमापन अपुरं राहिलेले खूप निघाले आणि त्यांच्यासाठी ६ जुलै २०२४ पर्यंत सवलत द्यावी लागली. माणसं कमी असताना एकदम कुलूप लावलं तर फायली तुंबतात, आणि तुंबलेली फाइल पुढे सरकवायचे दर असतात हे बेळगावात कोणाला नव्याने सांगायला नको. दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, मोठ्या इमारतींपासून सुरुवात करावी.

मी मराठी माध्यमातून शिकलोय. कन्नड कच्चं आहे. मला हे जमेल का?

हा प्रश्न येळ्ळूर, उचगाव, खानापूर, निपाणी सगळीकडून येतो, आणि विचारणारा आवाज खाली आणून विचारतो. आवाज खाली आणायची गरज नाही.

केपीएससीच्या भरतीत एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या पातळीचा १५० मार्कांचा कन्नड पेपर असतो, त्यात किमान ५० लागतात. मराठी शाळेत कन्नड विषय झालेला असतो, चार-सहा महिने रोज तासभर दिला तर निघतो. मुख्य पेपर कन्नड आणि इंग्रजीत असतात. भाषांतराच्या चुका तिथेही होतात. २०२४ च्या गॅझेटेड प्रोबेशनर्सच्या पूर्वपरीक्षेत कन्नड भाषांतर इतकं बिघडलं की ती २९ डिसेंबरला पुन्हा घ्यावी लागली. म्हणून माझ्या पोरांना सांगतो, तांत्रिक प्रश्न दोन्ही भाषांत वाचा, मग गोल काळा करा.

कन्नड पास होण्यापुरतं शिकू नका. फाइलवरचा शेरा कन्नडमध्ये लिहायचा असतो. ज्याला शेरा लिहिता येत नाही त्याचा शेरा दुसराच कोणीतरी लिहितो, आणि सही मात्र याची असते. सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. स्लॅब रविवारी आहे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. विजापूर किंवा मंड्याहून बदली होऊन आलेला जेई इथल्या साइटवर येतो तेव्हा त्याला मराठी येत नाही. गवंडी मराठीत बोलतो, बारबेंडर कन्नडमध्ये, टाइल बसवणारा हिंदीत. निरीक्षक म्हणतो ‘कंबी’, गवंडी म्हणतो ‘सळी’. इकडे वाळू, तिकडे उसुकू. इकडे वीट, तिकडे इट्टंगी. भिंतीला गोडे. पाया दोघांनाही कळतो, कारण कन्नडमधल्या ‘अडिपाय’मध्ये पाय आहेच. रिंग तर सगळ्यांचीच. असे शे-दीडशे शब्द तीन भाषांत छापून प्रत्येक नव्या जेईच्या हातात दिले तर खर्च कितीसा येईल? तरी हे कोणाला सुचत नाही, कारण प्रशिक्षण ठरवणाऱ्यांच्या गावात एकाच भाषेत काम भागतं. तपासणीच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न असावा असं माझं ठाम मत आहे: ‘ही चूक मिस्त्रीला त्याच्या भाषेत समजावून सांगा.’ इथे ती मराठी असेल, अथणीत कन्नड असेल.

नोकरीत लागल्यावर प्रशिक्षण मिळतं की. मैसूरला पाठवतात ना?

पाठवतात. शहरी संस्थांसाठी मैसूरला राज्य नगरविकास संस्था आहे, ग्रामीणसाठी अब्दुल नझीरसाब संस्था आहे. संस्था वाईट नाहीत. अडचण अंतराची आणि मातीची आहे. बेळगावहून रात्रभराचा प्रवास, तीन-चार दिवस पडद्यावर नियम बघायचे, चामुंडी टेकडीला जाऊन परत यायचं. परतल्यावर तोच जेई येळ्ळूर रोडच्या काळ्या शिवारात पाया बघायला उभा राहतो.

आपला जिल्हा मातीच्या बाबतीत दोन जिल्ह्यांएवढा आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा, चिरा आणि चार महिने न थांबणारा पाऊस. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडे काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगणारी. काळ्या जमिनीत पाया किती खोल न्यायचा, जोत्याच्या बीमखाली फुगवट्याला जागा कशी ठेवायची, चिऱ्याची भिंत पावसाळ्याआधी वरून कशी झाकायची, हे मैसूरच्या खोलीत कळत नाही.

आपल्या दारात काय आहे बघा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात आहे, १९९८ पासून. उद्यमबागेत जीआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जिल्ह्यात पॉलिटेक्निकं आहेत आणि काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ठोकळे, दाबून फोडायची यंत्रं त्यांच्या प्रयोगशाळांत आहेत. सुट्टीत ती धूळ खातात. प्रशिक्षण इथे घ्या, सहा महिन्यांचं घ्या, आठवड्यातून दोन दिवस वर्गात आणि बाकी जुन्या निरीक्षकाच्या मागे साइटवर. प्रत्येकाजवळ नोंदवही: आखणीचा दिवस, फुटिंगची सळी, जोतं, स्लॅबआधीची सळी, पूर्णत्व. ठराविक संख्येने हे टप्पे वरिष्ठाबरोबर पाहिल्याशिवाय एकट्याची सही चालणार नाही. ड्रायव्हिंगला आधी शिकाऊ लायसन्स असतं, एवढीच ही गोष्ट.

ग्रामपंचायतीत कोण तपासतो?

इथे खरी पोकळी आहे. हिंडलगा, कंग्राळी ही नावाला गावं. अपार्टमेंट शहरासारखी उठतायत. परवानगीच्या कागदावर ग्रामपंचायतीचा शिक्का असतो आणि त्यामागे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. पीडीओ होण्यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. इतिहासात बीए झालेल्या चांगल्या माणसाकडून आपण कॉलमची अपेक्षा करतो आणि मग त्यालाच शिव्या घालतो. पंचायत राज अभियांत्रिकी विभागाचे इंजिनिअर तालुक्याला असतात, त्यांच्या मागे रस्ते, शाळा, पाणीयोजना लागलेल्या.

६ ऑक्टोबर २०२१ ला बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसाने भिजलेलं घर कोसळलं. सात जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. अशी घरं कोणत्याच परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाहीत. माती-चिऱ्याची भिंत किती ओल धरली की धोक्याची? पोट बाहेर काढलेली भिंत ओळंबा लावून कशी जोखायची? शेजारचं घर पाडलं की सामाईक भिंतीचा आधार जातो, तेव्हा काय करायचं? २०१९ च्या महापुरानंतर पडझड ए, बी, सी अशा वर्गांत बसवली गेली. वर्ग बदलला की भरपाई बदलते. म्हणजे भिंतीकडे बघून माणूस जे अक्षर लिहितो त्यावर एका कुटुंबाचे लाखो रुपये ठरतात. आणि ते अक्षर कसं ठरवायचं याचं प्रशिक्षण? बहुतेक ठिकाणी एका सकाळची मीटिंग.

पीडीओला इंजिनिअर बनवायला नको. ‘मला कळत नाही, इंजिनिअर बोलवा’ हे कधी म्हणायचं, एवढं ओळखण्यापुरतं आठवड्याचं प्रशिक्षण द्या. आणि चार-पाच पंचायती मिळून एक पात्र निरीक्षक द्या.

आता आर्किटेक्ट, इंजिनिअर स्वतःच दाखला देतात. मग सरकारी निरीक्षक हवाच कशाला?

बंगळुरात ‘नंबिके नक्षे’ नावाने अशी सोय सुरू झाली, ५० बाय ८० फुटांपर्यंतच्या प्लॉटवरच्या घरांसाठी. नंबिके म्हणजे विश्वास. वेळ वाचतो, चकरा वाचतात, मला कल्पना आवडते. पण दाखला देणाऱ्याची फी मालक देतो, हे विसरू नका.

जपानने १९९८ मध्ये कायदा बदलून खासगी संस्थांना इमारत तपासणीची मुभा दिली. २००५ मध्ये उघड झालं की एका आर्किटेक्टने भूकंपाच्या हिशेबाचे कागद खोटे तयार केले होते आणि ते तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटले होते. काही सरकारी तपासणीतूनही सुटले होते, हे विशेष. मग त्यांनी मोठ्या इमारतींच्या हिशेबाची दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी सक्तीची केली. शंभर घरांऐवजी दहाच घरं बघायची असतील तर ती दहा बघणारा जास्त तयारीचा लागतो.

डिप्लोमा पुरतो की डिग्रीच हवी?

दोन मजल्यांपर्यंत डिप्लोमा आणि चांगली नोंदवही पुरते. पाच वर्षं साइट केलेला डिप्लोमावाला मला कोऱ्या बीईपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. उंच इमारतींना डिग्री आणि त्यावर अनुभव.

मुलींना हे काम झेपतं का?

माझ्या वर्गात सळीतल्या चुका सगळ्यात लवकर सापडतात त्या एका मुलीला. साइटवर संडास नसतो, ही तिची एकमेव तक्रार. ती रास्त आहे, आणि बाईकामगारांचीही तीच आहे.

जे वीस वर्षं नोकरीत आहेत त्यांनाही परीक्षेला बसवायचं?

बसवायचं म्हटलं की युनियन उठते. मीही उठलो असतो. केस पिकलेल्या माणसाला गोल काळे करायचा कागद देऊ नये. त्याला साइटवर न्यावं, अर्धा दिवस, समोर दोन बाहेरचे परीक्षक. ज्याला काम येतं तो तिथे चमकतो. कित्येक जुने लोक काँक्रीटचा घमेल्यात पडणारा आवाज ऐकून पाणी जास्त झालं की नाही सांगतात, त्यांना तर शिकवण्याचं मानधन द्यायला हवं. अमेरिकेत हे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवं करावं लागतं आणि मधल्या काळात शिक्षणाचे तास भरावे लागतात. आपण पाच वर्षं ठेवू. मानकं बदलतात, आणि रद्द झालेल्या आवृत्तीच्या झेरॉक्सवर अजून साइट तपासणारे मी पाहिलेत.

परीक्षा सुधारली की लाच थांबेल?

नाही.

थोडा फरक पडेल. ज्याला काम येत नाही तो घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला विकत घेणं सोपं जातं. पण ज्याला येतं तोही घेऊ शकतो. त्यावर उपाय वेगळा: प्रत्येक टप्प्याचा वेळ आणि ठिकाणासह फोटो, तो मालकालाही दिसला पाहिजे, आणि काम थांबवणाऱ्या जेईची महिन्याभरात बदली होणार नाही याची हमी. परीक्षेचीच चोरी होते हे आपण जवळून पाहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीटीसीएल या राज्याच्या वीज पारेषण कंपनीच्या भरतीच्या वेळी गोकाकच्या केंद्रात स्मार्ट वॉचने प्रश्नपत्रिका बाहेर गेली होती. २०२३ मध्ये त्यावर राज्याने कडक कायदा केला. साइटवरच्या परीक्षेत घड्याळातून काय विचारणार?

सुप्रीम कोर्टाच्या निकालाने निरीक्षकाचं काम वाढलं का?

खूप. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की मंजूर नकाशा साइटवर लावलेला हवा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून नोंद ठेवायची, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी द्यायचं नाही, आणि चुकीचं प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यावरही कारवाई करायची. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या काउंटरवर लोक भोगवटा प्रमाणपत्राच्या कागदासाठी अडायला लागले ते यानंतर. आता सही अंगाशी येऊ शकते म्हटल्यावर निरीक्षकच प्रशिक्षण मागतील, अशी मला आशा आहे. सध्या काही जण सहीच टाळतात, हा दुसरा ताप.

नोटीस कन्नडमध्ये आली, मला वाचता येत नाही. काय करू?

त्याच दिवशी वाचून घ्या. भाषेचा वाद पुढे घालता येतो, मुदतीचे दिवस मात्र नोटीस मिळाल्यापासून मोजले जातात. उत्तरासोबत मराठी प्रतीची लेखी मागणी जोडा.

हे सगळं होईल तेव्हा होईल. माझा स्लॅब पुढच्या महिन्यात आहे. मी काय बघू?

तुमच्या इंजिनिअरला चार दिवस साइटवर हजर राहायचं लेखी ठरवून घ्या: आखणी, फुटिंगची सळी, जोतं, स्लॅबच्या आदल्या दिवशी. घरी बसून व्हॉट्सॲपवर फोटो बघणं म्हणजे हजर राहणं नव्हे.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी स्वतः टेप घेऊन वर चढा. कॉलमच्या सळीबाहेर ४० मिलिमीटर काँक्रीट बसेल एवढी जागा हवी. स्लॅबच्या सळीखाली कव्हर ब्लॉक आहेत का बघा, फुटक्या फरशीचे तुकडे नव्हेत. बाल्कनीच्या वरच्या सळीवर पाय देऊन बघा, ती दबली तर खाली खुर्च्या कमी आहेत. त्यात संकोच कसला?

क्यूबचं विसरू नका. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण पावणेबारा घनमीटर काँक्रीट. आयएस ४५६ प्रमाणे ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे सहा. साचे १५० मिलिमीटरचे, गवंडीकडे नसतील तर प्रयोगशाळेकडे विचारा. सकाळी कालवलेल्या काँक्रीटच्या पहिल्या घाणीतून तीन आणि दुपारी जेवणानंतरच्या घाणीतून तीन भरा, कारण जेवणानंतर पाण्याचा पाइप जरा सैल सुटतो. क्यूबवर तारीख खिळ्याने कोरा, पाण्यात बुडवून ठेवा, २८ व्या दिवशी प्रयोगशाळेत न्या. आणि सेंटरिंगवाला पाचव्या दिवशी फळ्या न्यायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.